पाणी घातल्याच्या खुणा

परसबाग लावायची कशी आणि ती दुसऱ्याच्या घरी जाऊन शिकवायची कशी, हे मी आमच्या भागातल्या चौदा बायकांना शिकवलं. जनवाड्याच्या समाजमंदिरात, सहा दिवस. पुढे प्रत्येकीनं आपल्या गावात दहा घरं धरायची, म्हणजे एकशे चाळीस घरं. एवढ्या घरांचा हिशोब राहावा म्हणून मी एक तक्ता आखून दिला. महिन्याचे तीस चौकोन. ज्या दिवशी झाडांना पाणी घातलं, त्या दिवशी एक खूण. कागद मागच्या दाराला चिकटवायचा. लिहिता न येणाऱ्या बाईलाही खूण करता येते, याचं मला फार कौतुक होतं.

पहिल्या महिन्याचे तक्ते आले तेव्हा जवळजवळ प्रत्येकात चार-पाच चौकोन सलग रिकामे होते. दिवस उन्हाळ्याचे, माती लाल आणि मुरमाड. चार दिवस पाणी नाही म्हणजे रोप गेलंच. बैठकीत मी जरा कडकपणे म्हणाले, "झाडांना रविवार नसतो."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. कमठाण्याची स्वयंसेविका चौदा जणींत सगळ्यात तिखट बोलणारी. ती म्हणाली, "रविवार न्हाई अक्का, पर महिन्याला चार दिवस सुट्टी असती की झाडाला."

सगळ्या खळखळून हसल्या. माझी थट्टा चाललीय असं समजून मी म्हणाले, पुढच्या महिन्यात एकही रिकामा चौकोन दिसता कामा नये.

त्या चार दिवसांत बाईनं भाजीच्या झाडांना शिवायचं नाही, ही रीत मला ठाऊक नव्हती असं नाही. पण आमच्या घरी ती कधी पाळली नाही, आणि माझी पाळी जाऊन तीन वर्षं झाली होती. दोन्ही कारणं खरी आहेत. पुरेशी एकही नाही.

दुसऱ्या महिन्यात रिकामे चौकोन कमी झाले. कमठाण्याच्या एका घराचा तक्ता तर पूर्ण भरलेला, तीसच्या तीस. तो मी बैठकीत वर धरून दाखवला, टाळ्या वाजवायला लावल्या.

आठ दिवसांनी कमठाण्याची ती स्वयंसेविका माझ्या घरी आली. बस म्हटलं तरी बसली नाही.

"अक्का, त्या तीस खुणांच्या घरी घोळ झालाय."

त्या घरात सासू, मुलगा आणि सून. लग्नाला सहा वर्षं झालेली, मूल नाही. बायका दोघीच, म्हणून त्या दिवसांतही सून स्वयंपाक करायची; देवपूजा सासूकडे. पाळणूक उरली होती ती झाडांपुरती. सासूला अक्षरं येत नाहीत, पण खुणा मोजता येतात. पहिल्या महिन्यातले रिकामे चौकोन तिनं बरोबर ओळखले होते. दुसऱ्या महिन्यात एकही रिकामा नाही.

"सून दोन जिवांची हाय म्हणून हुलसूरपतुर सांगून आली म्हातारी. रोज दूध पाजायलीय, घागर उचलू दिईना."

"मग सुनेनं खरं सांगायचं ना, पाळीतही पाणी घातलं म्हणून."

"कसं सांगंल? त्याच मेथीचा निवद दाखवलाय म्हातारीनं. आन आता पुढची येळ आली. पानी घातलं तर म्हातारी आणखी खूश, न्हाई घातलं तर पोटातलं गेलं म्हणून रडंल. तुमी येऊन सांगा. पानी घातलंच नव्हतं, खुणा तेवढ्या अक्कानं करायला लावल्या म्हणून."

"मी खोटी खूण करायला कधी सांगितलेलं नाही."

"म्हणून तर तुमी पायजे. तुमचं खरं धरतील."

दुसऱ्या दिवशी गेले. सासू ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. सून आतल्या दाराशी उभी राहिली. मी उभ्यानंच सांगितलं, "मावशी, त्या कागदावरच्या चार खुणा खोट्या आहेत. पाणी घातलं नव्हतं. कागद भरलेला दिसावा म्हणून मीच करायला लावल्या."

म्हातारीला कळायला थोडा वेळ लागला.

"म्हंजे तसलं काई न्हाई?"

"नाही."

"एवढी शिकलेली तू. गावोगाव फिरून हेच शिकवायलीस?"

"चुकलं माझं."

मला वाटलं, सुटली पोरगी. पण म्हातारीनं मान वळवली. "आन तू? महिनाभर दूध पेलीस. कामून गप बसलीस?"

सुनेनं पदर धरून ठेवला होता. "आत्याबाई, सहा वर्सांत पयल्यांदा तुमी माज्यासंग जेवायला बसल्या."

म्हातारी ओरडली नाही. हातातली शेंग तशीच सुपात टाकली. "चहा ठेव बाईला," एवढंच म्हणाली. मी तो चहा प्याले. 

अक्का खुणा भरायला लावते, हे पुढच्या बैठकीच्या आतच चौदा गावांत पोचलं. तीन गावांचे तक्ते एकाच पेनानं, एका बैठकीत भरलेले आले. मला ते ओळखता आले, पण बोलायला तोंड उरलं नव्हतं. तक्ता बंद केला. आता घरटी किती रोपं जगली, एवढंच विचारते.

कमठाण्याच्या त्या घराचं नाव यादीत नाही. सुनेनं वाफा मोडला. सासू तिच्याशी बोलत नाही, आपलं ताट घेऊन ओसरीवर जाते.

"किती दिवस झाले?" मी त्या स्वयंसेविकेला विचारलं.

"ते मी मोजलं न्हाई, अक्का," ती म्हणाली आणि बियांच्या पुड्या पिशवीत भरायला लागली.