लोकरीच्या टोपलीतला फोन

ऑगस्टच्या दमट हवेत इथे आखातात, बिन महमूद भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये इटलीहून आणलेल्या गालिच्याला मेंढीचा वास सुटतो आणि मला ती जुनी दुपार आठवते.

समुद्रापासून लांब, डोंगरातलं ते विणकरांचं आणि शेतकऱ्यांचं गाव बघायचं, हा माझा हट्ट होता. माझा नवरा सुधीर मात्र द्राक्षांच्या मळ्यातही फोन कानाला लावून इकडे आखातात, दुखानला असलेल्या त्याच्या कामाच्या साइटशी बोलत होता. एका विणकराच्या घरी पोचेपर्यंत मी अगदी वैतागले होते.

"अरे, निदान हा माग तरी बघ!"

"दोन मिनिटं गं, झालंच. खलास!"

मागावरच्या आजीबाईंना मराठी येत नव्हतं, पण कळलं सगळं. त्यांनी उठून त्याचा फोन काढून घेतला, लोकरीच्या टोपलीत ठेवला आणि त्याच्या हातात धोटा दिला. फोन वाजत राहिला, हा मुकाट्याने विणत राहिला. दोन वाकड्या ओळी झाल्यावर त्याचे डोळे भरून आले. मला वाटलं, लोकरीची ॲलर्जी.

तेव्हा त्याच्या ऑफिसातून एकेकाला घरी पाठवत होते, हे मला परतल्यावर त्याच्या मित्राच्या बायकोकडून कळलं. त्याची नोकरी वाचली. पण एवढं मला तिथेच सांगायला त्याचं काय जात होतं, हा राग अजून गेलेला नाही.