चिंगीने तांब्या लवंडवला, पुढचं मी केलं

सकाळच्या पोस्टमध्ये मी लिहिलं होतं की आमच्या मांजरीने, चिंगीने, माझं सगळं काम बुडवलं. ते पूर्ण खरं नाही. ती पोस्ट मी काढणार नाही. चुकलेलं खोडू नये, शेजारी बरोबर लिहावं, असं बाबांनी घरी अक्षरं शिकवतानाच सांगितलं होतं.

चिंगीने लॅपटॉपवर फक्त पाणी सांडलं. आंधळगावच्या कोसा रेशमाची साडी विणणाऱ्या काकींचे व्हिडिओ त्यातच होते. कॅमेऱ्याचं कार्ड मी कालच रिकामं केलं होतं.

आई म्हणाली, "काहून रडून राहिली? तांदळात ठेव, पाणी ओढते."

डब्यात तांदूळ थोडाच होता. म्हणून मी लॅपटॉप नव्या धानाच्या, म्हणजे न कांडलेल्या तांदळाच्या, पोत्यात खुपसला आणि दुपारी चालू केला. जळका वास आला.

भंडाऱ्यातल्या दुरुस्तीवाल्याने तो उघडला. "ताई, नवा धान तर सोताच ओला राह्यते! तुम्ही शेतकऱ्याची पोरगी ना?"

फाइली निघणार नाहीत म्हणाला.

संध्याकाळी काकींचा फोन आला. "पोरी, व्हिडिओ कधी दाखवतं? नात इचारून राहिली."

काकींनी व्हिडिओतल्या त्या साडीनंतर हातमाग कायमचा सुटा करून ठेवला आहे. पुन्हा चित्रण होणार नाही. आणि मी "लवकरच" म्हणून बसले.

तुम्ही फोनवरच सांगून टाकलं असतं का? मला ते जमलं नाही. सोमवारी आंधळगावला जाऊन काकींना समोर बसून सांगणार आहे.