सासूचा परिच्छेद

मला स्वस्थ बसून वाचता येत नाही. हातवारे होतात, आवाज बदलतात. आमचे हे म्हणतात, "इतिहासकार कमी, नाटक कंपनी जास्त."

मी घरबसल्या कामं करणाऱ्या बायकांचा इतिहास लिहिते. नव्या पुस्तकात एक अख्खं प्रकरण हुपरीच्या एका आजींवर आहे. जन्मभर त्यांनी चांदीच्या पैंजणांना आचेवर घुंगरू जोडले. बोलायला तयार झाल्या त्या एकाच अटीवर, छापण्याआधी वाचून दाखवायचं, नको म्हणतील ते काढायचं. म्हणून मागच्या महिन्यात कोल्हापूरहून एसटीनं गेले आणि त्यांच्या सोप्यात उभी राहून वाचू लागले. समोर आजी, त्यांची सून आणि शेजारच्या तिघी. हातातलं काम कुणीच थांबवलं नाही.

सासूचा परिच्छेद माझा भारी लाडका. आजींनी जोडलेले पैंजण त्यांची सासू स्वतःच्या हातचे म्हणून गल्लीभर मिरवायची! मी पदर खोचला, सासूचा आवाज काढला, पैंजण नाकापुढे नाचवला. बायका खो-खो हसल्या. आजी मात्र हसल्या नाहीत.

"ते काढून टाका, बाई."

"आजी, तुम्हीच सांगितलंत की!"

"सांगितलं व्हय. पण म्हातारी मेली. आता उत्तर द्यायला येती व्हय ती?"

माझं तोंड उतरलं. प्रकरणाचा सगळा जीव त्यात होता. पण शब्द दिलेला. मी पेन काढलं आणि पहिल्या ओळीवर रेघ मारणार, तोच सून म्हणाली, "मग बाई, माझी सासू घाला. ह्या काय हितंच बसल्यात, द्या म्हणावं उत्तर!"

क्षणभर सगळ्यांचे हात थांबले. मग आजीच अशा हसल्या की मांडीवरचे घुंगरू घरंगळले.

"बघा, कसली गावलीया मला!" डोळे पुसत त्या म्हणाल्या. "ऱ्हाऊ द्या, बाई. पण आनी एक लिवा. काम म्हातारीनंच शिकवलं मला. शेजारी बसवून घ्यायची. बोट पोळलं की फुंकर घालायची."

मी चाट! चार खेपा घातल्या, दोन वह्या भरल्या, पण काम कुणी शिकवलं, हे विचारलंच नव्हतं. सासू-सुनेचं भांडण हाती लागलं होतं ना, मी त्यातच खूश.

तिथंच ती ओळ लिहिली. वाचून दाखवली, अर्थात सासूच्या आवाजात, बोटावर फुंकर घालून.

आजींनी मान हलवली. "एवढी हळू न्हाय. जोरात फुंकायची ती."