कर्णिकांच्या डोक्यातलं जाळं

मार्तंड कर्णिकांना आमच्या संस्थेत सगळे मान देतात. मी देत नाही. इतकी वर्षं त्यांच्या शेजारच्या टेबलावर काढल्यावर द्यायला तो उरलेलाच नाही.

घाटकोपरला एका बंद पडलेल्या कारखान्याच्या आवारात आमची संशोधन संस्था आहे. तिच्या वरच्या मजल्यावर टेस्टबेड, म्हणजे संशोधकांना आपापले प्रयोग करून बघायला उभं केलेलं संगणकांचं जाळं. संगणक रांगेने मांडलेले आणि त्यांना जोडणारे स्विच. दिव्याचं बटण नव्हे. वायरींनी गच्च भरलेल्या चपट्या पेट्या. कुणाचा डेटा कुणाकडे जाऊ द्यायचा, हे त्या पेट्यांना आज्ञा देऊन शिकवावं लागतं. मग एकाच वायरीतून अनेकांची वेगवेगळी जाळी चालतात आणि एकाचा प्रयोग दुसऱ्याला दिसतही नाही. याला व्हीलॅन म्हणतात. काम किचकट आहे, पण जादू नाही. कर्णिकांनी मात्र त्याची जादू करून ठेवली होती.

मुलुंडला त्यांच्या सोसायटीचे ते सेक्रेटरी. पाहुण्याने गाडी कुठे लावायची, कुणी गच्चीवर पापड वाळत घालायचे, सगळं त्यांच्या परवानगीने. इथेही तोच खाक्या. पोरं हात जोडून यायची, "सर, मला चार मशीन एका व्हीलॅनमध्ये हवीत." कर्णिक चष्मा कपाळावर सरकवून म्हणायचे, "बघतो." त्या 'बघतो'त आठवडा जायचा.

पण त्यांची खरी करामत वेगळीच. स्विचला दिलेल्या आज्ञा शेवटी सेव्ह कराव्या लागतात. आम्ही त्याला सेव्ह मारणं म्हणतो. ते मारलं नाही, तर वीज गेल्याबरोबर स्विच सगळं विसरतो आणि कोऱ्या पाटीसारखा उठतो. कर्णिक मुद्दाम सेव्ह मारत नसत. पासवर्ड फक्त त्यांच्याकडे. स्विच बंद पडला की सगळ्यांची बोंबाबोंब, मग कर्णिक येणार, खुर्ची ओढणार आणि कागदाच्या कपट्याकडेही न बघता सगळ्या आज्ञा धडाधड टाईप करणार. मागे उभी असलेली पोरं अवाक. "सरांच्या डोक्यात सगळं आहे यार!"

आता मुंबईत वीज जाते कुठे? ही कर्णिकांची मोठीच अडचण होती. मग ते स्वतःच स्विच बंद करायचे. "तापला होता." कधी मेन्टेनन्स, कधी धूळ. आणि हे सगळं नेमकं संचालक मजल्यावर असतानाच निघायचं. मी एकदा तोंडावर म्हटलं, तर म्हणाले, "नमिता, तुला सिक्युरिटीतलं कळत नाही गं." मी माझ्या टेबलाकडे वळले. भिंतीवर डोकं आपटून भिंतीला काय होणार?

यंदा कर्णिकांच्या निवृत्तीचं वर्ष होतं आणि त्यांचा मुदतवाढीचा अर्ज संचालकांच्या टेबलावर होता. त्याच सुमाराला आमच्याकडे फेलोशिपवर संशोधन करणाऱ्या रेवतीचा शेवटचा प्रयोग सुरू झाला. नाल्यांवर बसवायच्या पूरमापकांचा निरोप जाळ्यावरच्या डेटाच्या गर्दीतून वेळेत पोचतो का, हे ती तपासत होती. महिनाभर अखंड चालला तरच प्रयोग धरायचा. मध्ये खंड पडला की पुन्हा पहिल्यापासून. आणि पुन्हा पहिल्यापासून करायला तिच्याकडे वेळ नव्हता. फेलोशिप संपत आली होती आणि ती मशीन पुढे दुसऱ्या गटाला दिलेली होती.

ती माझ्यासमोर कर्णिकांना म्हणाली, "सर, प्लीज, एवढा महिना स्विचला हात लावू नका ना. आणि एकदा सेव्ह मारून ठेवा."

"अगं, मी आहे ना!" कर्णिक म्हणाले.

शेवटच्या आठवड्यात संचालक पाहुण्यांना घेऊन वर आले. कर्णिकांना राहवलं नाही. "जरा तापलाय," म्हणत त्यांनी बटण दाबलं. रेवती "सर, नको!" म्हणत धावली, तोवर तिचा पडदा गोठलाही होता.

कर्णिक ऐटीत खुर्चीत बसले. पासवर्ड टाकला, पहिल्या दोन-तीन ओळी टाईप केल्या आणि थांबले. बोटं कळांवर तशीच. मग एक ओळ लिहून पुसली. पुन्हा लिहिली, पुन्हा पुसली. पाहुणे घड्याळ बघायला लागले. कर्णिकांनी माझ्याकडे मान वळवून हळूच विचारलं, "नमिता, यानंतर काय असतं गं?"

मला काय माहीत? त्यांनी कधी कुणाला बघू दिलं होतं? त्या क्षणी मला त्यांची दया यायला हवी होती. आली नाही. मला रेवती दिसत होती. ती जमिनीवर बसली होती, दोन्ही हात डोक्याला लावून.

त्यांना उठवून मी बसले. रेवती रडत रडत एकेक वायर ओढून कुठली कुठे जाते ते सांगत होती आणि मी टाईप करत होते. सगळं पूर्ववत व्हायला दोन दिवस लागले. सेव्ह मारलं. रेवतीचा प्रयोग मात्र गेला तो गेलाच.

संचालकांनी यातून धडा घेतला. कुठला, तर दोन जणींना मिळून दोन दिवस लागले, म्हणजे काम भयंकर नाजूक, कर्णिकांशिवाय निभणार नाही. कर्णिकांना दोन वर्षांची मुदतवाढ मिळाली. पासवर्ड बदलून फक्त त्यांच्याकडे ठेवायचा हुकूम निघाला. रेवतीने मागितलेली मुदतवाढ नियमात बसली नाही.

कर्णिक पेढे वाटत आले. रेवती खोक्यात सामान भरत होती. तिच्या हातावर पेढा ठेवून म्हणाले, "वाईट झालं गं तुझं. पण इतका महत्त्वाचा प्रयोग होता, तर मला आधी सांगायचं नाही का?"

"सांगितलं होतं ना सर. तुम्हालाच सांगितलं होतं. ही नमिताताई होती तेव्हा."

मी पुढे झाले. आज या माणसाची बिनपाण्याने करायचीच, असं ठरवूनच झाले होते. कर्णिकांनी आळीपाळीने आमच्या दोघींच्या तोंडाकडे पाहिलं.

"कधी गं?" त्यांनी विचारलं.

ते खोटं बोलत नव्हते. आणि नवा पासवर्ड त्यांनी त्याच सकाळी ठरवला होता, कुठेही लिहून न ठेवता.