मथुताईंची कागदी लोंबी

ठाण्याला चरईत मथुताई राहत. यजमान श्रीपादराव कचेरीत कारकून. मूलबाळ नव्हतं, पण ओटीवर रोज दुपारी अकरा मुली पाटी घेऊन बसत. घरोघरी फिरून, हातापाया पडून त्यांनी त्या गोळा केल्या होत्या. एक गळली की तिच्यामागून चार गळतील, ही धास्ती त्यांना कायमच असे.

शके अठराशे चारच्या आश्विनात त्यांनी सहज विचारलं, "तांदूळ कुठून गं येतो?"

"कणगीतून!" रतन म्हणाली. बाकीच्यांनी माना डोलावल्या.

मथुताईंनी कपाळाला हात लावला. नव्याची पुनव चार दिवसांवर. दाराला नव्या कणसांचा जुडगा, म्हणजे नवं, बांधणार, नव्या भाताचा नैवेद्य दाखवणार, आणि या पोरींना लोंबी ठाऊक नाही! त्यांनी पतंगाचे कागद आणले, निम्मे हळदीत बुडवले. लांब पट्टीला कात्रीने बारीक दाते पाडून ती काडीला गुंडाळली की भाताची लोंबी. कागदाची पाच बोटं कापून आत वळवली की नाचणी. झालर खाली लोंबती सोडली की वरी. हिरव्या कागदाचं आंब्याचं पान, पिवळ्या चकत्यांचा झेंडू.

हे चिकटवायला खळ लागणार, खळीसाठी तांदळाच्या कण्या हव्या होत्या. कोलशेतची बायजा भाजी घेऊन येई, तिने पदरातून ओंजळभर काढून दिल्या. "नवा तांदूल हाय, बाय. अशी चिकटंल का पोरींचं हात सुटाचं नाय!"

खळ चिकटवायची, खायची थोडीच, अशा समजुतीने मथुताईंनी ती शिजवली. पण पोरींचीच बोटं ती. चिकटवायचं कमी, चाटायचं जास्त.

दुसऱ्या दिवशी चारच मुली आल्या. रतनची लक्ष्मीकाकू मात्र स्वतः आली, पायरीवरच उभी राहिली.

"मथे, देवाच्या आधी पोरींनी नवं उष्टं केलं. रतन घरी येऊन सांगते, ताईंची नव्या तांदळाची खळ गोड लागते! एवढी सोवळ्याओवळ्याची तू, आणि हे?"

"चुकलं, काकू. माझ्या ध्यानातच आलं नाही."

"आमच्या रतनचं नाव कमी कर."

संध्याकाळी श्रीपादराव हसले, "खळ चाटून शाळा बुडाली, हे पहिल्यांदाच ऐकतोय." मथुताईंना हसू आलं नाही. रात्री त्या जेवल्याही नाहीत. सकाळी उठून सातही घरी गेल्या. सबब सांगितली नाही, बायजाचं नाव घेतलं नाही. म्हणाल्या, "दोष माझा. मी पुनवेपर्यंत उपास धरलाय. त्या दिवशी पोरींच्या हातून देवाला नवं वाहू दे, मग काय ते ठरवा."

पुनवेला बायजाने भाताच्या खऱ्या लोंब्या आणि नाचणी-वरीची कणसं आणली. मुली आल्या, आणि पाळत ठेवायला लक्ष्मीकाकूही. पूजा झाली, नैवेद्य झाला. नवं बांधायला घेतलं तसं काकूंनी पुढं होऊन एक कणीस उचललं.

"आधी ही वरी घ्या गं."

"काकू, ती नाचणी!" रतन ओरडली. "नाचणीची मूठ मिटलेली असते. वरी मान खाली घालते."

काकूंनी बायजाकडे पाहिलं.

"पोर बराबर बोलतं," बायजा म्हणाली. "तुमी शेतान कवा आल्याव?"

काकूंनी कणीस रतनच्या हातात दिलं. "बांध तूच, शहाणे." मग मथुताईंकडे न बघताच, "उपास सोड आता. आणि उद्यापासून हिला जरा लवकर घेत जा, घरी नुसता धुमाकूळ घालते."

दुसऱ्या दिवशी अकराही पाट्या आल्या. त्यानंतर मथुताईंनी वीस वर्षं मुली शिकवल्या. दर आश्विनात कागदी लोंब्या होत. खळ मात्र जुन्या तांदळाची, आणि तिच्यात कडुलिंबाचा वाटीभर रस.