कुमुदच्या गावचा झेंडा

कुमुदला घरी आणायचं, एवढंच ठरवून मी सोलापूर सोडलं. कुमुद माझी धाकटी बहीण. गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, अहेरीच्याही पुढे, नदीकाठच्या एका गावात ती नर्स म्हणून गेली आणि सगळी नोकरी तिथेच करून निवृत्त झाली. गावाचं नाव लिहीत नाही, कारण ‘आमच्या गावाचं काहीबाही छापू नको’ अशी तिची ताकीद आहे. ‘आमचं गाव’ हे ती सोलापूरला कधी म्हणाली नाही. माझे यजमान गेल्यापासून घरात मी एकटीच असते. वरची खोली तिच्यासाठी रंगवून घेतली होती, पडदे शिवले होते, आणि फोनवर तिने ‘तू ये तर खरी, मग बघू’ असं म्हटल्यावर मी त्याचा अर्थ ‘येते’ असाच लावला होता.

सिकंदराबादेला गाडी बदलून मी बल्लारशाहच्या दिशेने निघाले तेव्हा तिचा फोन आला. म्हणाली, “ताई, येऊनच राह्यली आहेस तर चंद्रपूरहून एक झेंडा घेऊन ये. एक तारखेला महाराष्ट्र दिन आहे आणि गावचा झेंडा खराब झालाय. खादीचाच आण. आणि नीट पाहून घे, तुला कापडातलं कळतं.”

कळतं म्हणजे काय! उमेदीची सगळी वर्षं मी सोलापुरात हातमागाच्या कापडाची तपासणी करण्यात घालवली आहेत. कापड पाहिलं की माझा हात आपोआप काठाकडे जातो. लग्नाच्या बस्त्याला नातेवाईक मला नेतात आणि नंतर पस्तावतात. त्यामुळे मी मोठ्या उत्साहाने ‘हो’ म्हटलं. शिवाय मनात आलं, निघण्याआधी गावाला भेट म्हणून द्यायचा असेल तिला. बहीण सामानाची आवराआवर करते आहे, असं समजून मी खिडकीतून येणाऱ्या गरम वाऱ्याकडेही कौतुकाने पाहू लागले.

चंद्रपूरच्या एप्रिलबद्दल ऐकून होते, पण ऐकणं वेगळं आणि स्टेशनाबाहेर पाऊल टाकणं वेगळं. डोक्यावर ओला पंचा घेतलेल्या रिक्षावाल्याने मला जुन्या परकोटाच्या वेशीतून आत बाजारात सोडलं. झेंडे ऑगस्टात नाहीतर जानेवारीत मागावेत. एप्रिलच्या अखेरीस झेंडा मागणाऱ्या बाईकडे दुकानदार ‘हिला ऊन लागलं’ अशा नजरेने बघतात. तीन दुकानं फिरले. एकाने मला मोटारीला लावायचा काडीचा झेंडा दाखवला, दुसऱ्याने गालावर चिकटवायचा. शेवटी एका गल्लीत हमीदभाईंचं दुकान सापडलं. लग्नाच्या झालरी, मोहरमचे आणि गणपतीचे पडदे, निवडणुकीचे झेंडे, सगळं एकाच माळ्यावर. मागच्या खोलीत त्यांच्या पत्नी नसीमभाभी शिलाई मशीनवर बसल्या होत्या.

हमीदभाईंनी पुढ्यात एक चकचकीत झेंडा पसरला. “बाई, ये लो. पॉलिस्टर. ऊन लागो, पानी लागो, काहीच होत नाई. हवेत एकदम फडफड करते.”

“खादीचा दाखवा.”

“खादी काऊन पाहिजे? जड असते, भिजली का लटकते. हा तुमच्या नातवापर्यंत चालेल.”

मला नातू नाही. पण माझा हात क्षणभर त्या पॉलिस्टरवर थांबला हे खरं. मनात आलं, हा टिकेल. वर्षानुवर्षं टिकेल. गावाला झेंड्याची काळजी उरणार नाही, म्हणजे कुमुदला गावाची काळजी उरणार नाही. पण तिने खादी म्हटलं होतं, आणि तिच्या शब्दापुढे मी लहानपणापासून कधी टिकले नाही.

माळ्यावरून खादीचे झेंडे खाली आले. पहिला उजेडात धरला तर विणीत गाठीच गाठी. दुसऱ्याचा हिरवा पट्टा केशरीपेक्षा बोटभर रुंद. तिसऱ्याचं अशोकचक्र समोरून छान गोल, पण उलट बाजूचं चक्र जरासं सरकलेलं, त्यामुळे प्रकाशात दोन चक्रं एकमेकांवर पडल्यासारखी दिसत होती. हमीदभाई म्हणाले, “बाई, खाली उभं राहून कोणाले दिसते?” मी म्हटलं, “मला दिसतं.” ते हसले आणि नसीमभाभींना हाक मारून म्हणाले, “इधर आओ, तुमच्याहून खडूस ग्राहक आला.”

भाभींनी स्वतः आतून एक गठ्ठा आणला. त्यातला एक मी उलगडला आणि लगेच कळलं की हाच. सूत जरा जाड पण एकसारखं. तिन्ही पट्टे सारखे, जोडावर दुहेरी शिलाई, दोन्ही चक्रं बरोबर पाठीला पाठ लावून. दांड्याकडच्या बाजूला जाड पट्टी, तिच्यात ओवलेली दोरी आणि वरच्या टोकाला लाकडी गुल्ली. फक्त वाऱ्याकडची कड मला कच्ची वाटली. झेंडा फाटतो तो तिथूनच. भाभींना म्हटलं, कोपऱ्यांवर आणखी एक शिलाई माराल का? त्यांनी आधी हात धुतले. मग धुतलेली चादर मशीनखाली अंथरली, झेंडा जमिनीला लागू नये म्हणून. तिन्ही रंगांचे दोरे बदलत त्यांनी ती कड शिवली.

“कोणासाठी नेऊन राह्यल्या?” त्यांनी विचारलं.

“बहिणीच्या गावाला. तिला घरी न्यायला आलेय.”

“ती येते म्हणाली?”

“बघू म्हणाली.”

भाभी दोरा दाताने तोडत म्हणाल्या, “माझी बहीन बी बघू म्हनते. हैदराबादेत राहाते. हर ईदले म्हनते.” मला त्यांचं हे बोलणं अजिबात आवडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अहेरीची एस.टी. धरली. झेंड्याचं पुडकं सीटखाली पायाशी ठेवणं बरं दिसेना, वर रॅकवर कुणाच्या तरी तेलाचा डबा गळत होता, म्हणून मांडीवरच घेतलं. गोंडपिपरीनंतर शेजारी बसलेल्या बाईने बराच वेळ पाहून विचारलं, “मांडीवर काय घेऊन बसल्या जी? लेकराला धरल्यावानी धरून राह्यल्या.” झेंडा आहे म्हटल्यावर तिने माझ्याकडे निरखून पाहिलं. “मग तुमी सरकारच्या का?” नाही म्हटल्यावर तिचा विश्वास बसला नाही. पण तिने आपली पिशवी माझ्यापासून जरा लांब सरकवली आणि पुडक्याला जागा करून दिली.

आष्टीला वैनगंगा ओलांडली. एवढी मोठी नदी, पण पात्रात वाळूच जास्त, आणि वाळूत कुणीकुणी टरबुजांचे वेल लावलेले. त्यापुढे रस्त्याची दैना. लोखंडाच्या दगडांचे ट्रक एकामागे एक चाललेले, त्यांची लाल धूळ दोन्ही बाजूंच्या झाडांवर बसलेली. सागाला पान नव्हतं. मोहाच्या झाडांखालची जमीन मात्र झाडून, पालापाचोळा जाळून काळी केलेली दिसायची. पडलेली फुलं वेचायला सोपी जावीत म्हणून तसं करतात, हे मला शेजारणीनेच सांगितलं. आलापल्लीच्या अलीकडे गाडी पंक्चर झाली. सगळे उतरून सावलीला बसले. शेजारणीने डब्यातून मला जावा (तांदळाच्या कण्यांची पातळ पेज) दिली, वर चिंचेची चटणी. आंबटसर, गार, पोटाला इतकी बरी वाटली की पंक्चर आणखी थोडा वेळ चाललं असतं तरी माझी हरकत नव्हती.

अहेरीच्या स्टँडवर कुमुद उभी होती. केस सगळे पांढरे, चेहरा उन्हाने रापलेला. लहानपणी सावलीशिवाय अंगणात न येणारी ही मुलगी. मला पाहून म्हणाली, “काऊन रडून राह्यली तू? रस्त्याची धूळ गेली का डोळ्यात?” तिची मराठी इथलीच झाली होती. माझ्याशी बोलताना ती अधूनमधून सोलापूरचं बोलायची, पण पाहुण्यांसाठी जपून ठेवलेल्या कपबशा काढाव्यात तसं. मला फार वाईट वाटलं.

जीपने गावात पोहोचलो. शाळा आणि आरोग्य उपकेंद्र एकाच मैदानात, दोघांचा मिळून एकच झेंड्याचा खांब. कुमुदचं घर त्याच्या समोर. संध्याकाळी शेजारची येसूबाई आली. ढीवर (मासेमारी करणाऱ्या) लोकांतली, हाताला नदीचा वास असलेली, मोठ्याने बोलणारी बाई. तिने वांग्यात शिजवलेली सुकी मासोळी आणली होती. भातावर ती घेऊन मी दोनदा वाढून घेतलं. मग झेंड्याचं काय झालं ते विचारलं, तर दोघी एकमेकींकडे बघून हसायला लागल्या.

मागच्या वर्षी महाराष्ट्र दिनाला झेंड्यात बांधायला फुलंच नव्हती. उन्हाने झेंडू कधीच करपलेला. घरोघरी असतो तो वाळवलेला मोह. तेव्हा येसूबाईने मूठभर मोहफुलं झेंड्याच्या घडीत घालून आदल्या संध्याकाळीच तो बांधून ठेवला.

“देवाले मोह चालते, लग्नाले चालते, मेल्यावर चालते,” येसूबाई म्हणाली, “मग झेंड्याले काऊन नाई चालनार? सकाळी सरपंचानं दोरी ओढली आन् भदाभदा मुंग्या! सरपंच इकडं पळते, मास्तर तिकडं पळते, आन् बाई राष्ट्रगीत म्हनून राह्यल्या.”

“मग? अर्ध्यात थांबू का?” कुमुद म्हणाली.

मोह चिकट. पांढऱ्या पट्ट्यावर तपकिरी डाग पडले, मुंग्यांनी भोकं पाडली. कुमुदने तो धुतला, पण डाग निघाले नाहीत. तसा झेंडा लावायचा नसतो, म्हणून तिने, येसूबाईने आणि तिच्या नवऱ्याने तो गावाबाहेर नेऊन गुपचूप, मानाने अग्नीला दिला. हे सांगताना येसूबाई हसत नव्हती. नंतरची दोन झेंडावंदनं अहेरीहून मागून आणलेल्या झेंड्यावर झाली, असं तिने सांगितलं.

मग ती एकदम माझ्याकडे वळली. “मोठ्या बाई, आमच्या बाईले नेऊन राह्यल्या का?”

मी कुमुदकडे पाहिलं. कुमुद ताटं उचलून आत गेली.

एक मेच्या सकाळी या वेळी बहाव्याच्या पिवळ्या पाकळ्या आणल्या होत्या. त्या झटकून, निरखून, मुंगी नाही याची खात्री करूनच येसूबाईच्या नवऱ्याने झेंडा बांधला. सरपंच म्हणाले, यंदा बाईंनीच दोरी ओढायची. कुमुद धुवट पांढऱ्या साडीत पुढे झाली. दोरी ओढली, गाठ सुटली, पाकळ्या तिच्या पांढऱ्या केसांवर पडल्या आणि झेंडा उलगडला. वारा नावालाच होता, तरी कापड पूर्ण मोकळं झालं. मी आयुष्यात पुष्कळ कापड पास केलं, पण एवढं मन लावून कुठल्याच कापडाकडे पाहिलं नाही. पाहता पाहता कळलं की हा निरोपाचा समारंभ नाही. निरोप देणारी माणसं इतकी निवांत उभी राहत नाहीत.

दुपारी ओसरीवर मी तिला सरळ विचारलं, “कुमुद, येणार आहेस का?”

ती माझ्याजवळ सरकून बसली. मग चक्क सोलापूरच्या मराठीत म्हणाली, “ताई, तुझी आठवण मला रोज येते. चहा ठेवला की येते. पण तुझी आठवण सोसायची मला आता सवय झाली आहे. तिकडे आले तर इथल्या या माणसांची येईल. ती मला या वयात सोसणार नाही ग.”

मला राग आला. माझ्यावाचून राहायची सवय हिला झाली, आणि मला तिच्यावाचून राहायची अजून होत नाही, हा कुठला न्याय? तसं बोललेही. तिने माझा हात धरून ठेवला. दोघी रडलो. मग येसूबाई रानातल्या चारोळ्यांची पुडी घेऊन आली आणि आम्हाला रडताना पाहून काही न विचारता आमच्यात बसून तीही रडली.

परतीच्या एस.टी.त मांडी मोकळी होती. आष्टीच्या पुलावरून नदी पुन्हा पाहिली. ही नदी पुढे वर्धेला मिळते, दोघींची प्राणहिता होते आणि अहेरीवरून, कुमुदच्या गावावरून जाते. मी उलट्या दिशेला चालले होते. प्रवासाला गेलं की माणूस काहीतरी घेऊन येतो म्हणतात. मी चारोळ्या आणल्या, मासोळी आणली, आणि जिला आणायला गेले होते तिला तिच्या घरी सोडून आले.

पंधरा ऑगस्टला सकाळी मी भांडी घासत होते, तेव्हा कुमुदचा फोन आला. मागे धो धो पाऊस. ओरडून म्हणाली, “ताई, तुझा झेंडा भिजून खांबाला चिकटला!”

“पॉलिस्टरचा असता तर फडकला असता,” मी म्हटलं.

“राहू दे. ऐक, आता सुरू होते.”

फोन तिने बहुतेक हातातच धरून ठेवला. पावसाच्या आवाजातून राष्ट्रगीत सुरू झालं. पोरांचे आवाज, मास्तरांचा आवाज, येसूबाईचा खणखणीत, जरा भलत्याच सुरातला. आणि त्यात कुमुदचा. शाळेत असल्यापासून ती सगळ्यांच्या थोडी पुढे असते, अजूनही होती. मी हातातलं भांडं खाली ठेवलं आणि ओट्यापाशी, साबणाच्या हातांनी, सावधान उभी राहिले. एकटीच होते. शेवटपर्यंत हलले नाही.

गीत संपलं. गलका झाला. मग तिचा आवाज अगदी जवळून आला.

“ताई, उभी होतीस ना?”

“होते.”

“मले माहीत होतं,” ती म्हणाली, आणि तिकडे पाऊस एवढा वाढला की पुढचं मला काही ऐकू आलं नाही.