वरचं ऐकणारा माणूस

खाण कामगारांच्या सन्मानाचा दिवस होता. आमच्या कोळशाच्या गावातल्या ठेंगण्या समाजमंदिरात निवृत्त कामगारांचा सत्कार चालला होता. बिसनजींचं नाव पुकारलं. ते मंचावर गेले, पण खुर्चीत बसेनात. आधी त्यांनी वर पाहिलं, मग हातातली काठी उंचावून छताला दोनदा हलकेच ठोकली आणि मान तिरपी करून ऐकत राहिले. लोक हसले. मीही हसलो.

शेजारी बसलेली त्यांची बायको मला म्हणाली, "वरचं ऐकल्याशिवाय बसत नाहीत जी ते कुठंच. खाणीत छत पोकळ वाजलं, की सगळ्यांना घेऊन तिथून निघा लागते."

बिसनजींचं समाधान झालं. ते बसले, खांद्यावर शाल आली, भाषणं सुरू झाली. मी मात्र मनानंच खाली उतरत गेलो. फरशीखाली, कडुलिंबाच्या मुळांखाली, विहिरींच्या झऱ्यांखाली. तिथं एक दिवा मिणमिणत होता आणि एक काठी ठोकली जात होती. बिसनजी जन्मभर ज्याला छत म्हणाले, ती आमची जमीन होती. तिच्यावर आम्ही लग्नं लावली, ढोल वाजवले, आणि खाली हा माणूस तिला कान लावून उभा होता.

घरी जाताना मी पाय न वाजवता चालत होतो. आत्ताही खाली कुणीतरी ऐकत असेल. त्यात माझ्या चपलांचा आवाज मिसळायला नको.